कोल्हापूरचं विमान आणि ब्राझीलची बँक

गेल्या अंकात निर्यातकर्जाबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य लिहून गेले: ब्राझीलची राष्ट्रीय विकास बँक, म्हणजे बीएनडीईएस, त्या देशातून बाहेर जाणाऱ्या विमानांना कर्ज पुरवते. त्या एका वाक्यावर महिनाभर पत्रं येत राहिली. त्यातली पाच घेतली आहेत. बत्तीस वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात काढली, त्यातली बरीच कोल्हापुरात. त्यामुळे पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे.

ताई, मी कोल्हापूरहून मुंबईला स्टार एअरच्या विमानाने गेलो. डाव्या हाताला एकच सीट, उजवीकडे दोन. पुढच्या खिशातल्या कार्डावर ‘एम्ब्राएर’ लिहिलेलं. शेजारचे म्हणाले, हे ब्राझीलचं. मग तुमचा लेख आठवला. विमान घेणारा परदेशातला, तर त्याला ब्राझीलच्या सरकारी बँकेने कर्ज का द्यावं? आपल्या लोकांचा पैसा परक्याच्या खिशात कशाला? — एक वाचक, जयसिंगपूर

एका बाजूला एक आणि दुसरीकडे दोन सीट, म्हणजे तुम्ही पन्नास आसनांच्या ईआरजे-१४५ मध्ये बसला होतात. स्टार एअरने तुमच्या मार्गावरचं विमान कसं मिळवलं हा त्यांचा हिशेब आहे, त्यात मी जात नाही. पण या जातीच्या विमानावरून दोन देशांत कित्येक वर्षं भांडण चाललं. तिसऱ्या पत्रात ते येईलच.

तुमचा प्रश्न मला नव्वदच्या दशकात एका माणसाने जवळपास याच शब्दांत विचारला होता. मी तेव्हा लक्ष्मीपुरीतल्या शाखेत होते. शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, घेऊन आले. नखांत मोल्डिंगची काळी वाळू. त्यांची कास्टिंग्ज न्हावाशेवाहून जहाजावर चढली होती आणि जर्मनीतला गिऱ्हाईक एकशेवीस दिवसांनी पैसे देणार होता. इकडे शनिवारी पगार वाटायचा होता. मी त्यांचं बिल डिस्काउंट केलं, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशातून व्याज कापून आजच रुपये त्यांच्या खात्यात जमा केले. त्यांनी पावती हातात घेऊन विचारलं, “म्याडम, म्हणजे आता तुम्ही त्या जर्मनाला उधारी दिली का मला?”

फार नेमका प्रश्न होता. उधारी जर्मनाला मिळाली, पण रोख पैसा शिरोलीत आला. भट्टीला कोक, ओतकाम करणाऱ्याला पगार, ट्रकवाल्याला भाडं, सगळं कोल्हापुरातच खर्च झालं. चार महिन्यांनी जर्मनीतून मार्क आले आणि खातं मिटलं.

बीएनडीईएसचं विमानाचं कर्ज अगदी याच चालीने चालतं. फक्त एकशेवीस दिवसांच्या जागी बारा वर्षं. एम्ब्राएरचा कारखाना साओ पाउलो राज्यातल्या साओ जोसे दोस काम्पोस गावात आहे. अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीने विमान घेतलं, की किमतीतला पंधरा-वीस टक्के भाग ती स्वतः उभा करते. उरलेल्या रकमेपुरतं कर्ज बँक देऊ शकते. ते पैसे अमेरिकेला जातच नाहीत. बँक ते ब्राझीलमध्ये, ब्राझीलच्या चलनात, रिआलमध्ये, थेट एम्ब्राएरच्या खात्यात भरते. विमान उडून जातं आणि मागे कर्जाचा करार राहतो. पुढे दर तीन किंवा सहा महिन्यांनी हप्ता येतो, तो डॉलरमध्ये. याला पोस्ट-शिपमेंट, म्हणजे माल गेल्यानंतरचं कर्ज म्हणतात. माल बनत असताना कारखान्याला जे मिळतं ते प्री-शिपमेंट. आपल्याकडचं पॅकिंग क्रेडिट हे त्याचंच भावंड.

मग हे कर्ज अमेरिकेतल्या बँकांनी का देऊ नये? देतातही. पण बाजार आखडला की सगळ्यात आधी लांब मुदतीचं कर्ज आटतं, आणि विमानाची ऑर्डर तर दोन-तीन वर्षं आधी नोंदवलेली असते. शिवाय समोर बोइंग असतं, जिच्या मागे अमेरिकेची एक्झिम बँक, म्हणजे तिथली सरकारी निर्यात-आयात बँक, उभी आहे. एअरबसच्या मागे फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनच्या निर्यातपत संस्था आहेत. बॉम्बार्डियरच्या मागे कॅनडाची होती. अशा बाजारात ‘विमान उत्तम आहे, पैशाचं तुमचं तुम्ही बघा’ म्हणणारा विक्रेता टिकत नाही. एम्ब्राएर १९६९ मध्ये सरकारी कंपनी म्हणून सुरू झाली, नव्वदच्या सुरुवातीला डबघाईला आली आणि डिसेंबर १९९४ मध्ये खासगी झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९५ मध्ये, ईआरजे-१४५ पहिल्यांदा उडालं. १९९७ पासून बीएनडीईएसने एम्ब्राएरच्या हजारावर विमानांच्या निर्यातीला पैसा पुरवला. अलीकडचं उदाहरण २०२४ मधलं आहे, अमेरिकन एअरलाइन्सला जाणाऱ्या ई-१७५ विमानांचं.

तुमच्या पत्रातल्या “आपल्या लोकांचा पैसा” या शब्दांशी मात्र मी थांबले. ते अक्षरशः खरं आहे. ही बँक २० जून १९५२ रोजी स्थापन झाली. तिच्या शाखा नाहीत, बचत खाती नाहीत, रियोमध्ये मुख्य कचेरी आहे. पैसा कुठून येतो? ब्राझीलमधल्या कंपन्या आपल्या उलाढालीवर एक अंशदान भरतात. ते कामगारांच्या एका निधीत जमा होतं आणि त्याच निधीतून बेकारी भत्ता दिला जातो. १९८८ च्या राज्यघटनेने लिहून ठेवलं की या अंशदानातला किमान ४० टक्के भाग विकासकर्जांसाठी बीएनडीईएसकडे जाईल. २०१९ च्या घटनादुरुस्तीने तो २८ टक्क्यांवर आणला. या निधीचा एक हिस्सा डॉलरच्या हिशेबात ठेवतात, आणि निर्यातीला तोच वापरतात.

नोकरी गेलेल्या फिटरला ज्या गंगाजळीतून भत्ता मिळतो, तिच्याच पैशावर विमान परदेशी जातं. म्हणून कर्ज का दिलं यापेक्षा ते परत कसं येणार, हा प्रश्न मला कितीतरी मोठा वाटतो. पुढची दोन-तीन पत्रं त्याच वाटेवरची आहेत.

मॅडम, विमान कंपनीच बुडाली तर? गो फर्स्ट बंद पडली तेव्हा तिची विमानं वर्षभर धूळ खात उभी होती असं वाचलं होतं. — एक वाचक, वसई

शेतकऱ्याने ट्रॅक्टर कर्जावर घेतला की आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं. जमिनीवर कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो. विमानाचंही असंच असतं. बरेचदा विमान कंपनीच्या नावावर नसतंच. केवळ त्या एका व्यवहारासाठी काढलेल्या कंपनीच्या नावावर ते राहतं, विमान कंपनी भाडेकराराने चालवते आणि शेवटचा हप्ता फिटला की मालकी तिच्याकडे जाते.

अडचण अशी, की ट्रॅक्टर फार तर तालुक्याबाहेर जाईल. विमान सकाळी एका देशात तर रात्री दुसऱ्या देशात. बोजा कुठल्या देशाच्या वहीत लिहायचा? यावर २००१ मध्ये केपटाऊनला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. विमानांवरच्या बोजांची एकच जागतिक नोंदवही डब्लिनमध्ये ठेवली आहे. जगभरच्या विमानांचा सातबाराच म्हणा. ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी. हप्ते थकले की सावकाराने ठराविक मुदतीत विमान ताब्यात घ्यावं, त्या देशातली नोंदणी रद्द करून घेऊन जावं, अशी त्यात सोय आहे. ब्राझीलमध्ये हा करार २०१२ पासून लागू आहे.

भारत २००८ मध्येच करारात शिरला होता, पण त्याला देशातल्या कायद्याची जोड दिली नव्हती. गो फर्स्टच्या वेळी नेमकं तेच नडलं. मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबली, दिवाळखोरी न्यायाधिकरणाने मालमत्तेला हात लावायला मनाई केली आणि ज्यांनी विमानं भाड्याने दिली होती त्या कंपन्यांना स्वतःच्याच विमानाजवळ जाता येईना. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नोंदणी रद्द करायला सांगितलं, तेव्हा कुठे गाठ सुटली. मधल्या काळात उघड्यावर उभ्या इंजिनांची किंमत उतरत जाते. आता २०२५ मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला आहे. फार उशीर झाला. पण झाला हे चांगलं, कारण जिथून विमान परत नेता येत नाही त्या देशातल्या कंपन्यांना सगळेच सावकार जास्त व्याज लावतात, आणि ते शेवटी तिकिटातून वसूल होतं.

मी पुण्यात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरकारी बँकेने स्वस्त कर्ज देऊन निर्यात वाढवणं हे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसतं का? — एक विद्यार्थिनी

अगं, या विषयावरचा सगळ्यात गाजलेला खटला ब्राझीलचाच आहे. मुळातून वाच.

ईआरजे-१४५ आलं तेव्हा बाजारात कॅनडाच्या बॉम्बार्डियरचं पन्नास आसनी विमान होतंच. गिऱ्हाईकं तीच. ब्राझीलची अडचण अशी होती की देशाची पत कच्ची, त्यामुळे त्याला स्वतःलाच महाग दराने पैसा मिळे. मग सरकारने प्रोएक्स नावाची योजना विमानांना लावली. कर्ज देणाऱ्या बँकेला व्याजदरातला फरक, ३.८ टक्क्यांपर्यंत, सरकार आपल्या रोख्यांच्या रूपाने भरून देई. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेव. प्रोएक्स ही सरकारी अंदाजपत्रकातली मदत आणि बीएनडीईएसचं कर्ज हे वेगळं. लोक दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

कॅनडाने तक्रार केली. ब्राझीलचं म्हणणं होतं, आम्ही कुणाला भेट देत नाही, आमच्या देशावर बाजाराने लावलेला जादा दर तेवढा पुसतो. मला यात थोडं तथ्य वाटतं. ज्याच्या गावाचीच पत कमी, त्या चांगल्या कारागिरालाही महाग कर्ज मिळतं, आणि ते मी शाखेत बसून पाहिलं आहे. पण १९९९ मध्ये निकाल ब्राझीलच्या विरुद्ध गेला. निर्यातीच्या अटीवर दिलेलं निषिद्ध अनुदान, असा शिक्का बसला. पुढे २००० मध्ये कॅनडाला वर्षाला ३४.४२ कोटी कॅनडियन डॉलरपर्यंत प्रतिशोधाची, म्हणजे ब्राझीलला दिलेल्या व्यापारसवलती तेवढ्या किमतीपर्यंत रोखण्याची, मुभा मिळाली. दुसरीकडे ब्राझीलनेही कॅनडावर खटले भरले आणि त्यांच्याही काही योजना नियमबाह्य ठरल्या. २००३ मध्ये ब्राझीलला २४.७८ कोटी अमेरिकी डॉलरची मुभा मिळाली. दोघांनीही ती प्रत्यक्षात वापरली नाही.

भांडण इतकं पेटलं होतं, की फेब्रुवारी २००१ मध्ये कॅनडाने वेड्या गायीच्या रोगाचं कारण देऊन ब्राझीलच्या गोमांसावर बंदी घातली. तीन आठवड्यांत ती उठवावी लागली. पण तोवर ब्राझीलभर कॅनडाच्या मालावर बहिष्काराची हाक गेली होती, कारण सगळ्यांनी तिचा संबंध विमानांशीच जोडला.

शहाणपण आलं ते २००७ मध्ये. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटात विमानकर्जाचे सामाईक नियम ठरत होते. ब्राझील त्या गटाचा सदस्य नाही, तरी बरोबरीने बसला आणि करारावर सही रियोमध्येच झाली. २०११ मध्ये नियम आणखी कडक झाले. कर्ज किमतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंतच, मुदत साधारण बारा वर्षं, गिऱ्हाइकाची पत पाहून किमान विमाहप्ता, दर बाजाराच्या जवळचा. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: हे नियम पाळून दिलेलं कर्ज बसतं.

भारताशी लागलेला धागाही पाहा. अमेरिकेच्या एक्झिम बँकेने एअर इंडियाच्या बोइंग विमानांना हमी दिली, तेव्हा २०११ मध्ये डेल्टा ही अमेरिकेचीच विमान कंपनी आपल्या देशाच्या बँकेविरुद्ध कोर्टात गेली. आमच्याच सरकारच्या हमीवर आमचा स्पर्धक स्वस्तात विमानं घेतो आणि न्यूयॉर्क–मुंबईसारख्या मार्गावर आम्ही हरतो, असं तिचं म्हणणं. विमान बनवणारा आणि विमान चालवणारा एकाच देशातले असूनही त्यांचं हित एक नसतं. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घे.

क्युबातलं एक बंदर ब्राझीलच्या या बँकेच्या पैशाने बांधलं आणि पैसे बुडाले, असं वाचनात आलं. मग विमानांचं एवढं कौतुक कशाला? — एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. माझा सगळा मुद्दा याच फरकावर उभा आहे.

बँकेने वस्तूंबरोबर बांधकाम सेवांच्या निर्यातीलाही कर्ज दिलं. १९९८ ते २०१७ या काळात पंधरा देशांतल्या कामांसाठी सुमारे साडेदहा अब्ज डॉलर. रीत तीच: पैसा ब्राझीलमधल्या ठेकेदाराच्या हातात, ऋणको परदेशी सरकार. हवानाजवळचं मारिएल बंदर त्यातलंच. ६८.२ कोटी डॉलरचं कर्ज, ठेकेदार ओदेब्रेश्त, उद्घाटन जानेवारी २०१४. व्हेनेझुएलात काराकासची मेट्रो. मोझांबिकमध्ये नकालाचा विमानतळ, १२.५ कोटी डॉलर, डिसेंबर २०१४ मध्ये उघडला आणि आजही तिथे प्रवासी फारसे नाहीत. हे तिन्ही देश पुढे हप्ते चुकले. ओदेब्रेश्तचं लाचखोरीचं प्रकरण उघडं पडल्यावर २०१६ मध्ये बँकेने अशा कामांचे हप्ते सोडणं थांबवलं.

बँकेच्या खात्यात खड्डा पडला नाही, कारण या कर्जांना सरकारच्या निर्यात हमी निधीचं संरक्षण होतं. तो निधी विम्यासारखा चालतो: हप्ता घेतो, थकलं की बँकेला भरून देतो. बँक सुटली, पण वसुलीचं ओझं ब्राझील सरकारच्या गळ्यात पडलं. खातं एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं, एवढंच.

मारिएलच्या कर्जाला क्युबाच्या सिगार विक्रीतून येणाऱ्या पैशाचं तारण होतं, हे मी वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तो कागद हातात घेऊन बसले. मी लाख-दोन लाखांच्या बिलाला गिऱ्हाइकाच्या बँकेचं पत्र मागत होते, ते पत्र आलं नाही म्हणून फाइल परत पाठवत होते. आणि इथे अडुसष्ट कोटी डॉलरमागे सिगारचे पैसे, तेही क्युबातल्याच बँकेच्या खात्यात! ऋणको सरकार, खातं त्याच्याच देशात, मग ते जप्त कुणी आणि कसं करायचं?

विमानाचं तसं नाही. हप्ता थकला तर ते उडवून परत आणता येतं, दुसऱ्या कंपनीला भाड्याने देता येतं. ई-१७५ चालवणाऱ्या कंपन्या जगभर आहेत. त्याला जुन्या बाजारात भाव आहे. बंदर उचलून आणता येत नाही, मेट्रोचा बोगदा आणता येत नाही. म्हणून दोन्हीला ‘निर्यातकर्ज’ असा एकच शब्द लावणं मला पटत नाही. बंदरांना कर्ज देऊच नये असं मी म्हणणार नाही, गरीब देशांना बंदरं लागतातच. पण ते राजकीय निर्णयाचं कर्ज आहे, ते अंदाजपत्रकात त्या नावाने लिहावं आणि संसदेने डोळे उघडे ठेवून मंजूर करावं. कामगारांच्या निधीच्या आडून नको. २०१५ पासून बँकेने या करारांचे दर, मुदत, तारण जाहीर करायला सुरुवात केली. दोन दशकांपूर्वीच व्हायला हवं होतं ते.

बस, ट्रक, यंत्रं यांच्या निर्यातीलाही ही बँक पैसा देते. धारवाडला टाटांबरोबर कारखाना काढणारी मार्कोपोलो ही ब्राझीलचीच बस कंपनी. पण त्यात विमानासारखी गुंतागुंत नाही.

मी ओझरच्या एचएएल कारखान्यातून निवृत्त झालो. आपल्याकडे अशी बँक नाही का? आपणही विमानं बनवतो. — एक वाचक, नाशिक

आहे, आणि तिचं मुख्य कार्यालय मुंबईत कफ परेडला आहे. भारतीय निर्यात-आयात बँक, म्हणजे आपली एक्झिम बँक. १९८१ चा कायदा, १९८२ पासून काम. निर्यातीचा विमा उतरवणारी ईसीजीसी तर १९५७ पासूनची, तीही मुंबईचीच. शिरोलीच्या त्या फाउंड्रीवाल्यांच्या बिलावर ईसीजीसीचं संरक्षण होतं, म्हणून मला ते बिल तितक्या निर्धास्तपणे घेता आलं.

विमानाचं ताजं उदाहरण गयानाचं. दक्षिण अमेरिकेतला हा देश ब्राझीलचा सख्खा शेजारी. त्याने विमानं घेतली ती आपल्याकडून. एचएएलच्या कानपूर कारखान्यात बनलेली दोन डॉर्नियर-२२८, आणि त्यासाठी एक्झिम बँकेचं २.३२७ कोटी डॉलरचं कर्ज. मार्च २०२४ च्या अखेरीस भारतीय वायुसेनेच्या सी-१७ विमानांच्या पोटातून ती तिकडे पोचली. भारत सरकारच्या वतीने दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांत साधारण अट असते, की किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. म्हणजे पुन्हा तेच, उधारी गयानाला आणि रोख पैसा कानपूरला.

तरी ब्राझीलची आणि आपली तुलना लगेच करू नका. आपली बहुतेक कर्जं सरकारकडून सरकारला जातात, म्हणजे ती विमानापेक्षा बंदराच्या जातीची आहेत, जरी त्यातून विमान विकलं गेलं तरी. एम्ब्राएरसारखं, खासगी विमान कंपन्यांनी स्वतःहून मागून घ्यावं असं प्रवासी विमान आपल्याकडे अजून तयार व्हायचं आहे. आपल्या वायुसेनेचं टेहळणीचं ‘नेत्र’ही एम्ब्राएरच्या ईआरजे-१४५ वरच बेतलेलं आहे, हे तुम्ही मला सांगायला हवं.

एक्झिम बँकेच्या संकेतस्थळावर अशा कर्जांची देशवार यादी असते: देश, रक्कम, काम. तुमच्याकडे वेळ आहे आणि विमानाची जाण आहे. ती यादी एकदा वाचा, आणि ज्या नोंदी खटकतील त्या मला लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या अंकात आपण त्या एकेक करून बघू.